शंभर बोर्डांचा धंदा

सर्किट बोर्डावर सुटे भाग बसवणाऱ्या यंत्राला या धंद्यात सगळे ‘पिक अँड प्लेस’ म्हणतात. त्याच्या माहितीपत्रकात तासाला दहा-वीस हजार भाग बसवण्याचा वेग छापलेला असतो. पण भोसरी, चिंचवड किंवा नाशिकच्या सातपूरमधल्या एखाद्या लहान युनिटमध्ये दिवसभर उभं राहून पाहिलं, तर हे यंत्र चालण्यापेक्षा थांबलेलंच जास्त दिसतं. ते बिघडलेलं नसतं आणि हाताला काम नाही अशीही स्थिती नसते. एक लॉट संपलेला असतो आणि दुसरा लावणं चाललेलं असतं. भाग पुरवणारे फीडर उतरतात, रिळं बदलतात, स्टेन्सिल धुतली जाते, सोल्डर वितळवणाऱ्या ओव्हनचं तापमान बदलून स्थिर होण्याची वाट पाहिली जाते. मग यंत्र तासभर चालतं आणि पुन्हा थांबतं.

या थांबलेल्या यंत्राचे पैसे कोणी द्यायचे, हा लहान लॉटच्या इलेक्ट्रॉनिक्स जॉबवर्कमधला मूळ प्रश्न आहे. दर कसा लावायचा, गिऱ्हाईक कुठलं धरायचं, जाहिरात कशाची करायची, नाही कोणाला म्हणायचं, हे सगळं त्यातूनच निघतं. ज्यांना हा प्रश्न लवकर उमगला ते टिकले. ज्यांनी मोठ्या कारखान्यासारखा नुसता भाग मोजून हिशोब केला, त्यांची यंत्रं दुसऱ्याच्या शेडमध्ये सेकंडहँड म्हणून चालू लागली.

वर्तमानपत्रांत इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाची बातमी येते ती मोबाइलची. २०२० साली केंद्राची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आली, डिक्सन, केन्स, सिरमा एसजीएस ही नावं शेअर बाजार पाहणाऱ्यांच्या तोंडी बसली. मोबाइलच्या कारखान्यांत एकच बोर्ड महिनोन्‌महिने चालतो. हा लेख त्यांच्याबद्दल नाही. ज्यांच्याकडे सकाळी पन्नास बोर्डांचं काम येतं, दुपारी दोनशेचं आणि संध्याकाळी ‘दहाच आहेत, पण उद्या हवेत’ असा फोन येतो, त्यांच्याबद्दल आहे.

अशा थोड्या संख्येच्या बोर्डांची गरज कोणाला असते? महाराष्ट्रात फिरलं की उत्तर जागोजागी मिळतं. इचलकरंजीच्या मागांवरची नियंत्रणं, बाजार समितीतले वजनकाटे, दूध संकलन केंद्रातली यंत्रं, रुग्णालयातले छोटे पंप, विद्युत वाहनांच्या बॅटरीवर लक्ष ठेवणारे बोर्ड, प्रयोगशाळेतली मोजमापाची साधनं. रात्री-अपरात्री वीज आली की शेतकऱ्याला मोबाइलवरून विहिरीवरची मोटर चालू करता यावी म्हणून पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ आणलं. त्या जातीची उपकरणं आज अनेक जण बनवतात. यांतलं कुठलंच उपकरण सुरुवातीला लाखांत खपत नाही. शंभर बनतात, शेतावर लागतात, पावसाळा काढतात, त्यांतल्या चुका कळतात, मग सुधारलेले दोनशे बनतात. प्रत्येक नव्या उपकरणाला हा टप्पा ओलांडावा लागतो, आणि त्या टप्प्यावर मोठा कारखाना त्याला दारात उभं करत नाही.

मोठे कारखानेही कधीकाळी इथूनच निघाले, हे विसरलं जातं. आज फ्लेक्स नावाने जगभर पसरलेली कंपनी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात जो आणि बार्बरा-ॲन मॅकेन्झी या दांपत्याने फ्लेक्स्ट्रॉनिक्स म्हणून सुरू केली. सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपन्यांना न झेपणारं जादा काम घ्यायचं, हाताने सोल्डरिंग करायचं आणि भरलेले बोर्ड परत द्यायचे, एवढाच तो धंदा होता. आपल्याकडे १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ उभं राहिलं ते इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठीच. पुढे महापे आणि भोसरीला एमआयडीसीने इलेक्ट्रॉनिक झोन पाडले आणि लहान युनिटं त्यांच्या आसपास वाढली. सुट्या भागांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठ, हे पत्ते प्रत्येकाला पाठ होते.

आता एक लॉट लावताना जवळून पाहू.

शंभर बोर्ड करायचे आहेत. प्रत्येकावर ऐंशी भाग, आणि त्यांचे प्रकार पस्तीस. म्हणजे पस्तीस फीडर भरायचे. प्रत्येक फीडरमध्ये कागदी किंवा प्लास्टिकच्या पट्टीचं रीळ अडकवायचं, वरची पातळ फिल्म सोलून मागे ओढून घ्यायची, पट्टीची भोकं दात्यांवर बसली का पाहायचं. भाग किती लहान? ‘०४०२’ मापाचा रेझिस्टर एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतो. टेबलावर सांडला तर श्वासानेही उडतो. सिरॅमिक कपॅसिटरवर काही छापलेलंच नसतं. रिळातून सुटा झाला की तो एक नॅनोफॅरडचा की शंभरचा, हे नुसतं पाहून जगातला कुठलाही माणूस सांगू शकत नाही. मीटरवर मोजूनच कळतं.

दरम्यान कोणीतरी सोल्डर पेस्टचा डबा फ्रिजमधून काढून ठेवलेला असतो. पेस्ट साधारण दोन ते दहा अंशांत ठेवतात आणि उघडण्याआधी काही तास बाहेर ठेवून तिला खोलीच्या तापमानाला येऊ देतात. थंड डबा उघडला तर हवेतली वाफ पेस्टवर धरते आणि ओव्हनमध्ये ती तडतडून सोल्डरचे बारीक गोळे बोर्डभर उडतात. मग स्टेन्सिल लागते. लेझरने कापलेला हा स्टीलचा पत्रा जेमतेम शंभर ते दीडशे मायक्रॉन जाड असतो. त्याच्या भोकांतून पेस्ट बोर्डावर छापली जाते. छपाई केसभर सरकली तर पुढचं सगळं वाया. या धंद्यातल्या जुन्या माणसांचं अर्धं लक्ष यंत्रापेक्षा छपाईकडेच असतं आणि ते रास्त आहे, कारण सोल्डरचे बहुतेक दोष इथेच जन्माला येतात.

शेवटी पहिला बोर्ड निघतो. तो ओव्हनमध्ये जाण्याआधी एक जण यादी वाचतो आणि दुसरी भिंगाखाली बोर्ड धरून एकेक भाग तपासते. दिशेचा घोळ सर्वांत जास्त इथे सापडतो. ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर पट्टा असतो तो ऋण टोकाला. टँटलम कपॅसिटरवरचा पट्टा धन टोक दाखवतो. डायोडवरचा पट्टा म्हणजे कॅथोड. एलईडीवर कधी हिरवी रेघ, कधी बाण, कधी नुसता कोपरा कापलेला, आणि तो कुठलं टोक दाखवतो हे कंपनीगणिक बदलतं. टँटलम उलटा बसला तर वीज देताच जळू शकतो. डिझाइन करणाऱ्याने बोर्डावर नुसतं एक टिंब काढलेलं असेल तर त्याच्या मनात कुठलं टोक होतं, हे विचारायला फोनच करावा लागतो. तो मीटिंगमध्ये असतो. तोवर यंत्र उभं.

आता दराकडे येऊ, कारण बहुतेक युनिटांचा पाय इथेच घसरतो. आपल्याकडे जॉबवर्कचा दर भागाला किंवा सोल्डरच्या टाक्याला इतके पैसे असा सांगायची रीत आहे. उदाहरणापुरते आकडे धरू. भागाला चाळीस पैसे. शंभर बोर्ड, ऐंशी भाग, म्हणजे आठ हजार भागांचे ३,२०० रुपये. यंत्राचा प्रत्यक्ष वेग तासाला सहा हजार धरला तर काम एक तास वीस मिनिटांत संपतं. पण लावायला चार तास गेले. माणसं, वीज, भाडं, हप्ता मिळून लाइनचा तासाचा खर्च दीड हजार धरला, तर पाच तास वीस मिनिटांचे आठ हजार झाले. हातात आले ३,२००. हाच बोर्ड पाच हजार नग असता, तर चार लाख भागांचे १ लाख ६० हजार आले असते, आणि सत्तर-एकाहत्तर तासांचा खर्च १ लाख ६ हजार झाला असता. दर तोच, बोर्ड तोच. एका कामात बुडालो, दुसऱ्यात तरलो.

हे गणित अवघड मुळीच नाही. तरीही अनेक जण भागाच्या दरावरच अडून राहतात, कारण शेजारचा चाळीस पैसे सांगतो म्हणून आपण अडतीस सांगायचे, ही सवय पडलेली असते. सेटअपचे पैसे वेगळे मागितले की गिऱ्हाईक विचारतं, ‘सेटअप कसला? ते तर तुमचं कामच आहे.’ त्याचं शांतपणे उत्तर देता येणं ही या धंद्यातली पहिली विक्रीकला आहे. शिलाईचं उदाहरण घ्या. जुकी ही जपानी कंपनी शिलाई यंत्रांसाठी आपल्याकडे ठाऊक आहे. तीच कंपनी बोर्डावर भाग बसवणारी यंत्रंही बनवते आणि पुण्यातल्या कितीतरी लहान युनिटांत ती चालतात. तयार कपड्यांचा कारखाना एका मापाचे हजार शर्ट कापतो. शिंपी माप घेतो, बेततो, ट्रायल देतो आणि त्याची शिलाई घेतो. लहान लॉटचं युनिट हे शिंप्याचं दुकान आहे, आणि त्याने मीटरवर भाव सांगणं थांबवलं पाहिजे.

जगातल्या सर्वांत स्वस्त समजल्या जाणाऱ्या ठिकाणीही हेच चालतं. चीनमधल्या जेएलसीपीसीबीसारख्या सेवेकडे आपले कितीतरी डिझायनर ऑनलाइन बोर्ड भरायला देतात. तिथे काही नेहमीचे भाग यंत्रावर कायम चढवलेले असतात. त्या यादीतला भाग वापरला तर फीडर लावण्याचे पैसे पडत नाहीत. यादीबाहेरचा एक-एक प्रकार वाढला की प्रत्येकामागे काही डॉलर वेगळे लागतात. इतक्या प्रचंड कारखान्याला फीडर बदलण्याचे पैसे मागायची लाज वाटत नाही, तर भोसरीतल्या आठ माणसांच्या युनिटला का वाटावी?

त्यांच्या पद्धतीतला खरा धडा दरापेक्षा कायम चढवलेल्या भागांचा आहे. शंभर नॅनोफॅरडचा कपॅसिटर, दहा किलोओहमचा रेझिस्टर, एक किलोओहमचा, साधा ट्रान्झिस्टर, हिरवा एलईडी, हे जवळजवळ प्रत्येक बोर्डावर असतात. ज्या युनिटांनी असे वीस-तीस घरचे भाग ठरवले, त्यांची पूर्ण रिळं विकत घेतली आणि गिऱ्हाइकांना ‘हे आमच्याकडचेच वापरा’ असं पटवलं, त्यांचे तेवढे फीडर कधी उतरतच नाहीत. पस्तीस प्रकारांपैकी पंधरा आधीच चढलेले असतात. चार तासांचं काम अडीचवर येतं. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. डिझाइन पक्कं होण्याआधी गिऱ्हाइकाशी बोलणं लागतं.

भाग गिऱ्हाइकाने द्यायचे की युनिटने आणायचे, हा पुढचा पेच. ‘मटेरियल आमचं, लेबर तुमचं’ ही जुनी रीत. माल चलनावर येतो, जीएसटीच्या नियमाप्रमाणे वर्षभरात परत जावा लागतो. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात पिशवीत येतात ते कात्रीने कापलेले पट्टीचे तुकडे. शंभर बोर्डांना शंभर लागतात म्हणून मोजून शंभरच. पण पट्टी फीडरमध्ये धरायला पुढे वीतभर रिकामी शेपटी लागते. ती नसली तर पहिले काही भाग फुकट जातात, दोन-चार यंत्राच्या तोंडून पडतात, आणि शेवटच्या सहा बोर्डांवर सहा जागा रिकाम्या राहतात. मग पन्नास पैशांच्या रेझिस्टरसाठी लॉट अडकतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं आपले भाग चोरले. पाच-दहा टक्के जास्त द्या आणि पट्टी सलग द्या, एवढं कोटेशनच्या पहिल्याच पानावर ठळक छापलं तर निम्मी भांडणं होतच नाहीत.

सगळा माल युनिटने आणायचा असला तर नफा वाढतो, पण जोखीमही अंगावर येते. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानच्या नोबेओकातला एकेएमचा कारखाना जळाला, फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधल्या हिमवादळाने ऑस्टिनचे चिपचे कारखाने बंद पडले, मार्चमध्ये रेनेसासच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली. कोरोनाने मागणीची घडी आधीच विस्कटली होती. वर्ष-वर्ष माल मिळेना, आणि शेकडो रुपयांना मिळणारे मायक्रोकंट्रोलर हजारांत विकले जाऊ लागले. त्या काळात जुने छाप घासून नवं नाव छापलेल्या चिपा बाजारात सुळसुळल्या. छपाईवर ॲसिटोनचा बोळा फिरवणं, भिंगाखाली पृष्ठभागावरच्या घासल्याच्या रेघा शोधणं, हे लहान युनिटांतल्या मुलांनी तेव्हा शिकून घेतलं. ज्यांनी गिऱ्हाइकांकडून प्रत्येक भागाला एक-दोन पर्याय आधीच लिहून घेतले होते त्यांच्या लाइन चालू राहिल्या. बाकीच्यांचे अर्धवट भरलेले बोर्ड महिनोन्‌महिने रॅकवर पडून राहिले आणि त्यांत अडकलेले पैसेही.

इथल्या हवेचा आणि विजेचाही हिशोब ठेवावा लागतो. अनेक चिपांचं प्लास्टिक ओल शोषतं. सीलबंद पाकीट फोडल्यावर ओलाव्याच्या संवेदनशीलतेत तिसऱ्या पातळीच्या चिपेला ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत १६८ तासांची मुदत असते. ती उलटून चिप ओव्हनमध्ये गेली तर आतली ओल वाफ होऊन प्लास्टिकला तडा जाऊ शकतो. जुलैत पुण्याची हवा साठ टक्क्यांवर थांबत नाही, म्हणून कोरडं कपाट आणि भट्टीत शेकण्याची सोय लागतेच. उन्हाळ्यात उलट त्रास, हवा कोरडी झाली की अंगावर स्थिर वीज साठते. माणसाला साधारण तीन हजार व्होल्टपर्यंतचा ठिणगीचा झटका जाणवतही नाही आणि काही चिपा शंभरातही मरतात. मनगटावरचा पट्टा त्यासाठी असतो. पाहुण्याला आत नेताना मालक पायाला पट्टी लावायला सांगतो की ‘असू द्या साहेब’ म्हणतो, यावरून ते युनिट ओळखावं. गुरुवारी भोसरी-चिंचवड भागात देखभालीसाठी वीज जाते, ते सगळ्यांना माहीत असतं. पण मंगळवारी दुपारी अचानक गेली तर ओव्हनमध्ये अडकलेले बोर्ड भाजून काळे पडतात. म्हणून निदान ओव्हनचा पट्टा यूपीएसवर चालला पाहिजे, म्हणजे आतला माल बाहेर सरकतो. अनेकांनी ही सोय पहिला लॉट जाळल्यावर केली.

आता विक्री. या विषयावर लहान उद्योजक सर्वांत कमी बोलतात आणि सर्वांत जास्त पैसे चुकीच्या जागी घालतात. चकचकीत माहितीपत्रक, त्यावर यंत्राचा फोटो, ‘गुणवत्ता हेच आमचं ध्येय’. ते वाचून कोणी काम देत नाही. ऑनलाइन बाजारपेठांवर नाव नोंदवलं की चौकशा येतात, पण तीच चौकशी आणखी दहा जणांकडे गेलेली असते आणि तिच्यात प्रश्न एकच असतो, रेट काय?

लहान लॉटचं गिऱ्हाईक म्हणजे खरेदी खातं नव्हे. तो डिझाइन करणारा इंजिनिअर असतो, बहुधा एकटा, आणि त्याच्या मनात भीती असते. बोर्ड चालला नाही तर दोष माझ्या डिझाइनचा की भरणाऱ्याचा, हे कळणार कसं? ज्याच्याशी बोलून ही भीती कमी होते त्याला तो काम देतो. म्हणून या धंद्यातली सर्वांत चांगली जाहिरात कोटेशनला जोडलेला एक कागद आहे. भागांची यादी, बोर्डाच्या आराखड्याच्या जर्बर फायली आणि भागांच्या जागांची फाइल ताडून पाहायची आणि जे खटकलं ते लिहून पाठवायचं. ‘यू-४ साठी बोर्डावर रुंद, साडेसात मिलिमीटरच्या चिपेची जागा आहे, यादीत ३.९ मिलिमीटरची अरुंद चिप लिहिली आहे.’ ‘डी-२ ची दिशा बोर्डावर दिसत नाही.’ ‘सी-११ कडेच्या इतका जवळ आहे की पॅनेल तोडताना तडकेल.’ ऑर्डर मिळण्याआधी एवढं काम फुकट का करायचं, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. हे तिन्ही दोष लाइनवर सापडले असते तर यंत्र अर्धा दिवस थांबलं असतं. कागदावर सापडले तर तासभर गेला आणि समोरच्याला कळलं की इथे कोणीतरी आपलं काम वाचलं आहे. दहा कागद पाठवून चार ऑर्डरी आल्या तरी दुसरी कुठली जाहिरात इतकं देत नाही.

दुसरी गोष्ट, काय करत नाही ते स्पष्ट सांगणं. बीजीए जातीच्या चिपेचे टाके तिच्या पोटाखाली असतात, ते एक्स-रेशिवाय तपासता येत नाहीत. एक्स-रे नसेल तर ‘करून देऊ’ म्हणू नये. वैद्यकीय उपकरणाला आयएसओ १३४८५ आणि वाहनउद्योगाला आयएटीएफ १६९४९ लागतं. आपल्याकडे ९००१ असेल तर तेवढंच लिहावं. आमच्याकडे सर्वांत लहान माप अमुक, पॅनेल अमुक आकाराचं, तारीख अमुक दिवसांत. ही मर्यादांची यादी वेबसाइटवर ठेवणाऱ्या युनिटांना कमी चौकशा येतात, पण कामाच्या येतात.

तिसरी गोष्ट जागेची. बंगळुरू किंवा नोएडाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनांत जावं, पण यंत्र आणि पेस्ट पाहायला. तिथे आपल्याच व्यवसायाची माणसं जास्त भेटतात. गिऱ्हाईक शोधायचं तर बोर्ड जिथे वापरले जातात तिथे जावं. डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरतं. तिथल्या स्टॉलांवरचे पंपाचे स्टार्टर, ठिबकची नियंत्रणं, दुधाची यंत्रं हातात घेऊन पाहावीत आणि आत बोर्ड कोण भरतं असं विचारावं. अर्ध्या ठिकाणी उत्तर मिळतं की मालकच घरी हाताने करतो आणि मेटाकुटीला आलाय. आयआयटी मुंबईचं साइन किंवा सीओईपीचं भाऊ इन्स्टिट्यूट अशा नवउद्योग केंद्रांत नवउद्योजकांना बोर्ड पॅनेल कसा करावा, खुणेची टिंबं कुठे द्यावीत, यावर तासभर बोलून यावं. त्यांतले बरेच प्रयोग बंद पडतील. जो चालेल त्याला पहिल्यांदा कोणाला फोन करायचा ते ठाऊक असेल.

या सगळ्याच्या मुळाशी विश्वास आहे, आणि तो फार साध्या गोष्टींनी जातो. एका गिऱ्हाइकाला लाइन दाखवताना दुसऱ्याचे बोर्ड टेबलावर उघडे पडलेले असले, तर शहाणा माणूस काम न देताच परत जातो, कारण उद्या त्याचेही बोर्ड असेच पडणार. ‘परवा देतो’ ही सवय तर याहून वाईट. इंजिनिअरने त्या परवाच्या भरवशावर गुंतवणूकदाराला वेळ दिलेली असते. उशीर होणार असेल तर आदल्या दिवशी स्वतःहून सांगणारं युनिट दर जास्त लावूनही गिऱ्हाईक टिकवतं.

पैशांच्या वसुलीबद्दल कायदा ठाम आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. पुढे बँक दराच्या तिप्पट व्याज चढतं, तेही दरमहा चक्रवाढीने. २०१७ पासून तक्रारीसाठी समाधान पोर्टल आहे. आयकर कायद्यानेही मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली, ही धास्ती कुठलंच कलम घालवत नाही. म्हणून जाणते लोक अटच वेगळी घालतात. मालाचे सगळे पैसे ऑर्डरसोबत आणि मजुरी माल नेताना. मोठी कंपनी हे मान्य करत नाही, नवउद्योजक करतो. त्याची ऑर्डर लहान असली तरी पैसा हातात येतो. एका मोठ्या नावाच्या कंपनीचं काम मिळालं म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी तिचे नव्वद दिवस आपल्या भांडवलाला झेपतील का, हे पेढ्यांच्या आधी मोजावं. आणि एकाच पार्टीचं काम उलाढालीच्या निम्म्यावर गेलं की युनिट आपलं राहत नाही, तिचं होतं.

सरकारी धोरणात या मंडळींचं स्थान अजून पुसटच आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये रांजणगावच्या इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टरची घोषणा झाली, मार्च २०२५ मध्ये सुट्या भागांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटींची योजना मंजूर झाली. दोन्ही हव्याच होत्या. बोर्ड आणि कपॅसिटर इथे जास्त बनू लागले तर लहान युनिटांचाही फायदा आहे. पण पाच-दहा युनिटांत मिळून एक एक्स-रे आणि बोर्डाची विद्युत चाचणी करणारं एक फ्लाइंग प्रोब यंत्र तासाच्या दराने वापरायला मिळालं, तर त्यांना उद्या सकाळी फरक पडेल. यंत्रं महाग आहेत आणि एकाकडे ती दिवसाचे सहा तास रिकामी राहतील. सामायिक सोयीसाठी याहून योग्य वस्तू शोधून सापडणार नाही.

माणसांचं सांगितलं नाही तर चित्र अपुरं राहील. तपासणी आणि हाताचं सोल्डरिंग बहुतेक ठिकाणी बायका करतात. मोशी, चिखली, दिघीहून येतात. चांगली ऑपरेटर टाका पाहूनच सांगते की आतून धरलेला नाही, ड्राय आहे. हे ज्ञान तिच्या डोळ्यांत तयार व्हायला दोन-तीन वर्षं जातात आणि चाकणचा मोठा कारखाना थोडा जास्त पगार आणि बस देऊन तिला एका दिवसात नेतो. तिथे तिला एकच बोर्ड आठ तास पाहायचा असतो. काही मालकांनी यावर शहाणपणाचा उपाय काढला आहे. भिंगाखाली तयार झालेल्या बायकांनाच त्यांनी यंत्राचं प्रोग्रामिंग आणि फाइल ताडणं शिकवलं. गिऱ्हाइकाला जाणारा दोषांचा कागद आता त्याच लिहितात, आणि इंजिनिअरचा फोन थेट त्यांना येतो. ‘मॅडम, गेल्या लॉटला तुम्ही डी-२ बद्दल म्हणाला होता, नव्या आवृत्तीत बदललंय, एकदा बघता का?’ फाइल बोर्ड छापायला जाण्याआधी हा फोन आला, की त्या लॉटची स्टेन्सिल मागवण्याआधीच निम्मा सेटअप झालेला असतो.